एका घरात दोन लेखण्या

आजचं बोलणं इतिहासाचं आहे, पण सुरुवात मागच्या महिन्यातल्या एका बैठकीपासून करते.

बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या. सगळ्या उठल्या, पण एक ताई मागंच रेंगाळली. पदराखालून तिनं गटाचं जुनं रजिस्टर काढलं. मागच्या कोऱ्या पानावर तिनं गाणं लिहिलं होतं. लेक सासरी निघाली की आईच्या मनात काय काय येतं, त्याचं गाणं. अक्षर मोठं मोठं, वेलांट्या इकडच्या तिकडं, पण वाचता वाचता माझा घसा दाटून आला. मी म्हटलं, "ताई, हे आपल्या मासिकात छापू या."

तिचा चेहरा खुलला, आणि लगेच उतरला. म्हणाली, "छापा की. पण खाली ह्यांचं नाव टाका. घरात कवी म्हून त्येच हायेत."

तिच्या मालकांना मी ओळखते. गावच्या भजनी मंडळासाठी ते गवळणी लिहितात, सप्ताहात त्यांच्या चाली म्हटल्या जातात. माणूस चांगला आहे. मी विचारलं, "त्यांना दाखवलं का?" ती म्हणाली, "न्हाई बाई. त्यांना वाटंल मी बरोबरी कराया लागले."

'बरोबरी' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. आपल्या भाषेत एखाद्याच्या 'बरोबर' चालणं चांगलं मानतात, आणि त्याची 'बरोबरी' करणं म्हणजे आगाऊपणा. बाईला तर दोन्हींतलं अंतर जन्मभर सांभाळावं लागतं. म्हणून मी ठरवलं, की मराठीत ज्या घरांत नवरा आणि बायको दोघंही लिहिणारे होते, तिथं काय घडलं ते या वेळी सांगायचं. तिथं प्रेम टिकलं का? कुणाची लेखणी थांबली? नाव कुणाचं राहिलं?

आपल्यापैकी पुष्कळ जणींनी 'अभिमान' हा सिनेमा पाहिला असेल. १९७३ सालचा. अमिताभ बच्चन आणि जया भादुरी. दोघंही गाणारे. लग्न होतं, बायकोचं गाणं नवऱ्यापेक्षा जास्त गाजतं, आणि घरात आग लागते. अशा गोष्टी आपल्याला आवडतात, कारण त्यात एका बाजूला चुरस आणि दुसऱ्या बाजूला ओढ असते. कादंबऱ्यांतही असतं हे. एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन लेखक, आणि शेवटी त्यांचंच जुळतं. पण कादंबरी लग्नाशी संपते. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी चूल कोण पेटवतं आणि वही कोण उघडतं, ते तिथं लिहिलेलं नसतं. ते बघायला खऱ्या माणसांकडं जावं लागतं.

पहिलं घर लक्ष्मीबाई आणि नारायण वामन टिळकांचं. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका. अकराव्या वर्षी लग्न झालं. लिहायला-वाचायला त्या शिकल्या लग्नानंतर. नवरा कवी, विद्वान, आणि तितकाच लहरी. हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन टाकणारा. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळात हा केवढा आघात असेल, विचार करा. सोवळ्या-ओवळ्यात वाढलेली बाई, कडेवर मूल, आणि नवरा धर्म सोडून गेलेला. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढं त्या त्यांच्याकडं गेल्या, आणि विचार करून, स्वतःच्या मनानं, १९०० साली त्यांनीही तो धर्म घेतला.

या सगळ्यात ही बाई कविता करायला लागली. घरात नवरा नावाजलेला कवी. बालकवींसारखा तरुण कवी त्यांच्या घरच्या मुलासारखा राहून गेलेला. अशा घरात जेमतेम शिकलेल्या बाईनं कविता करायची म्हणजे आपल्या ताईसारखंच की! पण पुढं काय झालं ते ऐका. टिळकांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' नावाचं मोठं काव्य लिहायला घेतलं होतं. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय झाले, आणि १९१९ साली ते वारले. ते अर्धवट राहिलेलं काव्य लक्ष्मीबाईंनी हातात घेतलं आणि पुढचे ६४ अध्याय लिहिले. नवऱ्यानं पायाचे थर रचले आणि भिंती उभ्या केल्या बायकोनं.

आणखी एक गोष्ट त्याहून मोठी आहे. त्यांच्या मुलाला, देवदत्तांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यानं आईला सांगितलं, तुला आठवतंय ते लिहून दे. म्हणजे मागणी होती नवऱ्याच्या आठवणींची. आई लिहीत गेली, आणि त्यातून तयार झालं तिचं स्वतःचं पुस्तक, 'स्मृतिचित्रे'. त्याचा पहिला भाग १९३४ साली आला. १९३६ साली त्या गेल्या. आज नव्वद वर्षांनीही ते पुस्तक छापलं जातं, वाचलं जातं, दुसऱ्या भाषांत नेलं जातं. त्यात त्या नवऱ्याला 'टिळक' म्हणतात. त्याचा लहरीपणा लपवत नाहीत, भांडणं लपवत नाहीत, स्वतःचा हट्टही लपवत नाहीत. वाचताना पोट धरून हसू येतं, आणि तरी पानापानावर माया दिसते. आज टिळकांच्या कवितांपेक्षा लक्ष्मीबाईंचं गद्य जास्त लोकांना ठाऊक आहे. त्यानं टिळकांचं काही कमी झालं का? उलट टिळक माणूस म्हणून आपल्याला कळतात ते बायकोच्या लेखणीमुळंच.

दुसरं घर माझ्या फार आवडीचं. कुसुमावती आणि अनिल.

अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे. जन्म १९०१ चा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. कुसुमावती माहेरच्या जयवंत. जन्म १९०४ चा, अमरावतीचा. दोघं वऱ्हाडातले, पण ओळख झाली पुण्यात, कॉलेजात शिकताना. मग पत्रं सुरू झाली. १९२२ ते १९२७ या वर्षांतली ती पत्रं आहेत. दोघांनाही वाचनाचं वेड, दोघांच्याही हातात लेखणी. मोबाईल नव्हता, फोन नव्हता. एक पत्र गेलं की उत्तराची वाट बघायची. आजच्यासारखं दोन निळ्या रेघा दिसल्या की रुसायची सोय नव्हती.

त्या काळाचा जरा विचार करा. १९२९ साली सरकारनं शारदा कायदा केला आणि मुलीच्या लग्नाचं वय कमीत कमी १४ ठरवलं. चौदासुद्धा लोकांना जास्त वाटत होतं! आणि त्याच १९२९ साली कुसुमावतींचं लग्न झालं, वयाच्या पंचविशीत. त्याआधी ही मुलगी लंडनला जाऊन इंग्रजी साहित्य शिकून आली होती. ज्याच्यावर जीव आहे तो इकडं, आणि आपण बोटीनं सातासमुद्रापार शिकायला. त्यानंही वाट पाहिली. मला तर या प्रेमकहाणीत ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. पत्रं लिहिणं सोपं असतं. तिचं शिकणं पुरं होईपर्यंत थांबणं अवघड.

आपला धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. शाळेत शिकवायची भाषा उर्दू. मराठी मुलींच्या शिक्षणाची काय कथा असेल ते तुमच्या आज्यांना विचारा. निजामाचं राज्य संपलं १९४८ च्या १७ सप्टेंबरला. म्हणजे कुसुमावती कॉलेजात शिकवत होत्या तेव्हा आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसल्या होत्या. हे अंतर विसरून चालणार नाही, त्यावर मी शेवटी येते.

लग्नानंतर कुसुमावती नागपुरात इंग्रजीच्या प्राध्यापिका झाल्या. अनिल कायदा शिकलेले, त्यांनी न्यायखात्यात नोकरी केली. पुढं ते समाजशिक्षणाच्या कामात आले, म्हणजे मोठ्या माणसांना अक्षर-ओळख करून देण्याच्या कामात. आपल्या गटातल्या ज्या बायका अंगठ्यावरून सहीवर आल्या, त्यांना या कामाची किंमत कळेल.

आता लेखण्यांचं. अनिलांनी कविता लिहिली. 'फुलवात' हा त्यांचा पहिला संग्रह १९३२ चा. ठरलेल्या वृत्ताची चौकट मोडून मोकळ्या छंदात लिहिणं मराठीत ज्यांनी रुजवलं, त्यांत अनिल पुढं होते. कुमार गंधर्वांनी गायलेली त्यांची एक कविता तुम्ही रेडिओवर ऐकली असेल, कवीचं नाव माहीत नसेल इतकंच. कुसुमावतींनी कथा लिहिल्या. 'दीपकळी' १९३४ साली, 'दीपदान' १९४१ साली, 'मोळी' १९४६ साली. 'मोळी' हे नाव बघा, डोक्यावर सरपण वाहिलेल्या बाईला अर्थ सांगावा लागत नाही. पण त्यांचं सगळ्यांत मोठं काम समीक्षेचं. समीक्षा म्हणजे पुस्तक नीट पारखून त्यात काय चांगलं, काय उणं ते सांगणं. 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा त्यांचा ग्रंथ १९५३-५४ साली दोन भागांत आला. शंभर वर्षांतल्या मराठी कादंबऱ्या एका बाईनं बैठक मारून वाचल्या आणि पारखल्या. पुरुष लेखकांची पुस्तकं एका बाईनं तपासायची, हे त्या काळी नेहमीचं नव्हतं.

समीक्षा समजायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या तेरला चला, गोरोबाकाकांच्या अंगणात. कथा सगळ्यांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारलं, काका, हे कशासाठी? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. मग मुक्ताबाई म्हणाली, आम्हीही मडकीच की, बघा कोण कच्चं आहे ते. गोरोबाकाकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले, आणि काकांनी सांगितलं, हे मडकं कच्चं आहे. नामदेवांना राग आला, पण त्या रागातून ते गुरू शोधायला निघाले आणि पक्के झाले.

समीक्षक म्हणजे हातात थापटणं घेतलेला माणूस. आता विचार करा, ज्या घरात नवरा मडकी घडवतो आणि बायकोच्या हातात थापटणं आहे, त्या घरात काय व्हावं? आपल्याकडं नवऱ्याच्या भाजीत मीठ कमी पडलं असं म्हणायचीसुद्धा चोरी. मुळात नवऱ्यानं भाजी केली तर! आणि इथं बायको साहित्याची जाणती पारखी, नवरा कवी. दोघं एकमेकांचे पहिले वाचक. पण म्हणून कुणाचंही लिहिणं थांबलं नाही. तिची पुस्तकं येत राहिली, त्याचेही संग्रह येत राहिले. त्यानं तिला 'माझ्या कविता उतरवून घे' असं म्हणून बसवून ठेवलं नाही, आणि तिनंही त्याच्या सावलीत बसून घेतलं नाही.

१९५८ साली मालवणला मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते अनिल. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६१ साली, ग्वाल्हेरला संमेलन झालं. अध्यक्ष होत्या कुसुमावती देशपांडे. पहिलं संमेलन १८७८ साली पुण्यात भरलं होतं, न्यायमूर्ती रानडे अध्यक्ष होते. तिथपासून ८३ वर्षं त्या खुर्चीवर एकही बाई बसली नव्हती. पहिली बसली ती कुसुमावती. नवरा ज्या खुर्चीवर बसला त्याच खुर्चीवर बायको. ही बरोबरी नाही तर काय? आणि त्यांचं तर काही बिघडलं नाही.

पण सुख फार टिकलं नाही. त्याच वर्षी, १९६१ च्या नोव्हेंबरात, कुसुमावती वारल्या. वय अवघं ५७. अनिल त्यानंतर वीस वर्षं जगले. १९७२ साली दोघांची तरुणपणची पत्रं पुस्तकरूपानं आली. नाव 'कुसुमानिल'. कुसुम आणि अनिल, दोन नावं एकत्र करून एक शब्द. आणि त्यात तिचं नाव आधी. अनिलांनी पुढं दहा ओळींच्या कवितेचा, 'दशपदी'चा, नवा घाट मराठीत आणला. त्या संग्रहाला १९७७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

तिसरं घर जरा वेगळं. या घरातल्या बाईनं आधी नावच लपवलं होतं.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' नावाचं कथांचं पुस्तक आलं. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं, ते त्यात उघड लिहिलं होतं. खळबळ उडाली. लोक चिडले, चर्चा झडल्या, आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, ही विभावरी शिरूरकर आहे तरी कोण? ती होती बाळूताई खरे. शिरूरच्या खरे मास्तरांची लेक, कर्व्यांच्या संस्थेत शिकलेली आणि शिक्षिका झालेली. खरं नाव टाकलं असतं तर शाळेतली नोकरी आणि गावातली अब्रू दोन्ही धोक्यात आलं असतं.

१९३८ साली त्यांचं लग्न झालं विश्राम बेडेकरांशी, आणि त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. विश्राम बेडेकरही लेखक, नाटककार, सिनेमाचे दिग्दर्शक. लग्नानंतरच्या वर्षी, १९३९ साली, त्यांची 'रणांगण' ही कादंबरी आली. युरोपातून निघालेल्या बोटीवर एक मराठी तरुण आणि हिटलरच्या छळातून पळालेली एक ज्यू बाई भेटतात, त्यांची ती प्रेमकथा. बायको बाईच्या कोंडलेल्या मनाबद्दल लिहिते आणि नवरा जगातल्या युद्धाच्या सावलीतल्या प्रेमाबद्दल. विषय दोघांचे वेगळे, पण धीट दोघंही.

मालतीबाईंचं एक काम आपल्या अगदी शेजारचं आहे. सोलापूरला इंग्रज सरकारनं 'गुन्हेगार जमाती' म्हणून शिक्का मारलेल्या लोकांची वसाहत केली होती, तारेच्या कुंपणाआड. मालतीबाईंनी तिथं काम केलं. तिथल्या अनुभवावर त्यांनी १९५० साली 'बळी' ही कादंबरी लिहिली. तो कायदा रद्द झाला १९५२ साली. आपल्या जिल्ह्यात पारधी वस्तीवर ज्यांचे गट आहेत, त्या मैत्रिणींनी हे पुस्तक जरूर मिळवून कुणाकडून तरी वाचून घ्यावं. शिक्का पुसायला कायद्यानंतरही किती वर्षं लागतात, ते त्यांना सांगायला नको.

आणखी एक गंमत. १९८१ साली मुंबईत लेखकांनी मोठ्या संमेलनाला पर्याय म्हणून समांतर साहित्य संमेलन भरवलं. त्याच्या अध्यक्ष मालतीबाई. आणि काही वर्षांनी त्या नेहमीच्या मोठ्या संमेलनाचे अध्यक्ष झाले विश्राम बेडेकर. एकाच घरातली दोन माणसं, दोन वेगळ्या मांडवांत. विश्राम बेडेकरांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव 'एक झाड आणि दोन पक्षी'. हे चित्र उपनिषदातलं आहे. एका झाडावर दोन पक्षी, एक फळ खातो आणि दुसरा नुसता बघतो. तिथला अर्थ जीव-शिवाचा. पण मी बाई माणूस, मला त्यात दुसरंच दिसतं. बहुतेक घरांत बघणारा पक्षी कोण असतो, ते आपल्याला माहीत आहे.

ते सांगायला चौथं घर. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई. १९४६ साली त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. पुलं साऱ्या महाराष्ट्राचे लाडके. सुनीताबाई शिक्षिका होत्या, बेचाळीसच्या चळवळीत उतरलेल्या होत्या, कवितेची त्यांना उत्तम जाण होती. पण त्यांची वर्षं गेली पुलंचं काम, घर, हिशेब, कार्यक्रम सांभाळण्यात. त्यांचं स्वतःचं पुस्तक 'आहे मनोहर तरी' आलं १९९० साली, तेव्हा त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या. त्यात त्यांनी सहजीवनाचा हिशेब मांडला, नवऱ्याचे गुण आणि उणिवा दोन्ही लिहिल्या. वाचक चकित झाले. काहींना ते आवडलं नाही. पण पुष्कळ बायकांनी ते पुस्तक उशाशी ठेवलं. मला ते पुस्तक वाचून आधी आनंद झाला, मग हळहळ वाटली. इतकं चांगलं लिहिणाऱ्या बाईनं पहिलं पुस्तक चाळिशीत का दिलं नाही?

चार घरं झाली. आता जमाखर्च मांडू, गटात मांडतो तसा.

चौघींपैकी एकीचंही घर लिहिण्यानं मोडलं नाही. लक्ष्मीबाईंचं घर काही वर्षं दुभंगलं ते धर्मामुळं, कवितेमुळं नाही. चारही घरांत चुरस होती की नाही ते आपण आत जाऊन बघितलेलं नाही. पण ज्या घरात दोन्ही लेखण्या चालू राहिल्या, तिथं दोन्ही माणसं मोठी झाली. जिथं एक लेखणी थांबली, तिथं बाईच्या मनात हिशेब साठत गेला आणि म्हातारपणी एकदम बाहेर आला.

दुसरं, या बायका लिहू शकल्या त्याला कारणं होती. कुसुमावतींचे स्वतःचे पगाराचे पैसे होते. मालतीबाईंना शिकवणारे वडील होते. लक्ष्मीबाईंना वही हातात देणारा मुलगा होता. प्रेम तर हवंच, पण त्याच्या जोडीला वेळ, वही आणि चार पैसे लागतात. आपल्या गटातल्या बाईला यातलं काय मिळतं? पहाटे पाण्याचा नंबर, मग स्वयंपाक, मग सोयाबीनच्या रानात खुरपण, संध्याकाळी परत चूल. तिनं गटाच्या रजिस्टरच्या मागं गाणं लिहिलं, कारण घरात तिची म्हणून तेवढीच एक वही होती.

तिसरं, कुणी म्हणेल, या शहरातल्या, शिकलेल्या, वरच्या समजल्या जाणाऱ्या घरांतल्या बायका. आपला त्यांच्याशी काय संबंध? खरं आहे. त्या कॉलेजात असताना आपल्या आज्या जात्यावर होत्या. पण जात्यावर त्या गप्प होत्या का? हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. एक लाख! त्या कामात मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट अशी, की ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. त्याआधी शेकडो वर्षं बायका गात आल्या, आणि आपण म्हणत आलो, 'जुनी ओवी आहे, कुणाची ते माहीत नाही.' कुणाची तरी होतीच की. कुणीतरी पहिल्यांदा ती रचली, आणि तिचं नाव पिठाबरोबर उडून गेलं.

२०२० च्या जानेवारीत ९३ वं साहित्य संमेलन आपल्याच जिल्ह्याच्या गावी झालं. संमेलननगरीला नाव होतं संत गोरा कुंभारांचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. आणि २०२५ साली दिल्लीत ९८ वं संमेलन झालं, त्याच्या अध्यक्ष होत्या तारा भवाळकर, ज्यांनी बायकांच्या ओव्या, कथा, लोकगीतं यांच्या अभ्यासात आयुष्य घातलं. कुसुमावती, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. अठ्ठ्याण्णव संमेलनांत बायका सहा. आपल्या ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तिथं आपण पुढं आहोत म्हणायचं! अर्थात सही कुणाची आणि कारभार कुणाचा, तो प्रश्न तिथंही आहेच. नावाची गोष्ट सगळीकडं सारखीच.

हे सगळं मी त्या ताईला तिच्या अंगणात बसून सांगितलं. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "त्या कुसुमावतीबाईच्या मालकांनी पत्रांच्या पुस्तकात तिचं नाव आधी घातलं व्हय?" मी म्हटलं, "हो." ती काही बोलली नाही. शेंगा फोडत राहिली.

तेवढ्यात मालक आले, हातपाय धुऊन ओट्यावर टेकले. तिनं आत जाऊन रजिस्टर आणलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. तोंडानं काही नाही. त्यांनी चष्मा लावला, गाणं वाचलं, परत वाचलं. मग म्हणाले, "तिसऱ्या कडव्यात चाल अडतीया." ती फटकन म्हणाली, "अडत न्हाई. तुम्ही चुकीचं म्हणताय." आणि तिनं म्हणून दाखवलं. खरंच अडत नव्हतं. मालक हसले, मान हलवली, आणि परत पहिल्यापासून वाचायला लागले.

खाली कुणाचं नाव टाकायचं, ते मी त्या दिवशी विचारलं नाही. गाणं पुढच्या अंकासाठी माझ्याकडं आहे. नावाची जागा मी कोरी ठेवली आहे. अंक छपाईला जायच्या आधी बैठक आहे, तेव्हा ती स्वतःच्या हातानं ती जागा भरेल.

आणि तुमच्यापैकी कुणाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर काही लिहिलेलं असेल, तर बैठकीनंतर मागं थांबा. मला घाई नसते. नमस्कार.